करडईवर ताकाचा शिपका

प्रभावतीने कथेतलं सगळं बदललं होतं. गाव बदललं, माणसांची नावं बदलली, शेतकऱ्याचं घर काढून तिथे सोनाराचं घर घातलं, उन्हाळ्याचा हिवाळा केला. मग परभणीच्या रेडिओ केंद्रावर जाऊन ती कथा स्वतःच्या आवाजात मुद्रित करून आली; रेडिओवर ती लागायला अजून अवकाश होता. परत आल्यावर भाकरी थापता थापता तिने ती धाकट्या बहिणीला तोंडी सांगितली. बेबीनंदाने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ताई, हा तर काकासाहेबाच्या घरचा येसर हाय."

प्रभावतीचा हात परातीत थांबला.

"तुला काय माहीत?"

"मला न्हाई तर कुणाला? लग्नाची पंगत उठल्यावर माय तपेलं घेऊन कुणाच्या दारात उभी राह्यची? उरलेली आमटी आणायची. तसा वास गावात एकाच घरचा."

"मी सोनाराचं घर लिहिलं."

"सोनाराच्या आमटीला हा वास न्हाई," बेबीनंदा म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटायला पुढे सरकली, कारण ती करपत होती.

हे गाव तीर्थपुरीपासून दीड कोसावर, तेव्हाच्या अंबड तालुक्यात. साल चौऱ्याहत्तर. त्या भागात येसराशिवाय लग्न लागत नाही असं म्हटलं तरी चालेल. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, दगडफूल असं सगळं वेगवेगळं भाजून जात्यावर जाडसर दळतात आणि आमटीला लावतात. प्रत्येक घराचा येसर निराळा. सासू तो सुनेला सांगते, लेकीला सांगत नाही. लेक दुसऱ्याच्या घरी जाणार. काकासाहेब गावातले बडे शेतकरी; त्यांच्या घरच्या येसरात करडई पडायची. खापरात करडई तडतडायला लागली की तिच्यावर आंबट ताकाचा शिपका मारायचा, ती पुन्हा कोरडी होईपर्यंत भाजायची, कुटायची, टरफलं पाखडून टाकायची. पाखडायला लग्नात शेजारणी यायच्या, पण ताकाचा शिपका घरच्या सुनेनेच मारायचा. ताक पडलं की जो धूर उठतो, त्याचा वास आमटीत अखेरपर्यंत राहतो.

प्रभावतीने हे सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. तिला ते झाकायचं सुचलंच नाही. घर, जात आणि नाव झाकलं की माणूस झाकला जातो, असं तिला वाटलं होतं.

आता गाव विचारणार होतं, की बौद्धांच्या मास्तरीणबाईला काकासाहेबांच्या चुलीवरची गोष्ट कुणी सांगितली. आणि उत्तर एकच होतं. काकासाहेबांची बायको, चतुराबाई.

चतुराबाई आदल्या वर्षापासून प्रभावतीच्या खोलीवर येत होत्या. खोली शाळेच्या मागे, शेताच्या कडेला होती. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती आणि तिला बेकरीतल्या नानकटाईचे डोहाळे होते. प्रभावती औरंगाबादला शिकत असताना वाळूवर नानकटाई भाजायला शिकली होती: पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यावर ताटली ठेवायची आणि झाकणावर निखारे. चतुराबाई ते शिकायला म्हणून आल्या. लेक सासरी गेली तरी त्या येत राहिल्या. दुपारी शेतात भाकर पोचवायच्या निमित्ताने निघायच्या, बांधावरून खोलीत शिरायच्या. तिथे पाणी प्यायच्या. नानकटाई खायच्या. एकदा प्रभावतीच्या चुलीवर त्यांनीच खापर ठेवलं आणि म्हणाल्या, "तू मला नानकटाई दिली, मंग मी काय देऊ? बस माझ्याजवळ. बघून घे."

त्या दुपारनंतर प्रभावतीला लिहिता यायला लागलं. आधी तिने तीन कथा लिहून फाडल्या होत्या. माणसं कागदावर उभी राहत नव्हती. अडलं की ती उठून मूठभर करडई खापरात टाकायची. ताकाचा शिपका बसला, वास आला, की तिला ती स्वयंपाकघरातली बाई दिसायची, तिचा कपाळावरचा घाम दिसायचा. अख्खी कथा त्या वासावर लिहिली होती. तो काढला तर कथेत काहीच उरत नव्हतं.

चतुराबाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा प्रभावतीने त्यांना सगळं सांगितलं. त्या हातातली नानकटाई तशीच धरून बसल्या.

"करडई लिहिली?"

"लिहिली, काकू."

"ताक?"

प्रभावतीने मान हलवली.

"बाई, तू शिकलेली हायस ना?" चतुराबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आमच्या सोनूबाईचं ठाऊक हाय तुला. माझी जाऊ. बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीत हॉटेलात बसून चहा प्याली, चार माणसांत. एवढंच. याच शाळेपुढून तिला माहेरी सोडायला गाडी गेली. गाडी रिकामी परत आली. पुन्हा कुणी आणलं न्हाई तिला. आन् मी तर तुझ्या घरचं खाल्लंय."

"मी कार्ड टाकते. कथा लावू नका म्हणते."

"आन् ह्यांनी गावभर सांगितलंय त्याचं काय? हेडमास्तरकडनं कळलं त्यांला. आमच्या गावची बाई रेडिओवर बोलणार, म्हणून मिरवून राह्यले. थांबवलं तर पहिलं विचारतील, का थांबवलं."

प्रभावतीने कार्ड टाकलं तरी. उत्तर आलं नाही. चतुराबाई पुन्हा बांधावरून आल्या नाहीत.

जाण्यापूर्वी त्या एक गोष्ट बोलल्या होत्या. "ह्यांला येसरातलं काय कळतंय? नुसतं खाणं माहीत. भ्या आत्याबाईचं हाय." आत्याबाई म्हणजे त्यांची सासू, केशरबाई. डोळ्यांनी अधू झालेली ही बाई अजून येसर भाजताना खापराजवळ येऊन बसायची आणि वासावरून सांगायची, आता उतरव.

प्रक्षेपणाच्या दिवशी काकासाहेबांनी आपला ट्रान्झिस्टर ओट्यावर आणून ठेवला. महिलांचा कार्यक्रम दुपारचा, तरी पुरुषही जमले. ओट्यावर पुरुष, दाराच्या आत बायका, अंगणात बौद्ध वस्तीतली माणसं. प्रभावतीसाठी काकासाहेबांनी खुर्ची मागवली. ती अंगणातच ठेवली, पण खुर्ची होती. चहा तिला वेगळ्या पेल्यात आला, तो पेला ओट्याच्या कडेवर ठेवायचा होता.

"बसा बाई," काकासाहेब म्हणाले. "आज तुमचा मान."

"तुमच्यासारख्यांमुळं, काकासाहेब," ती म्हणाली. तिने तळहात पदराला पुसले.

दाराच्या आत केशरबाई उंबऱ्याला टेकून बसली होती. तिच्या मागे चतुराबाई उभ्या होत्या. त्यांनी अंगणाकडे पाहिलं नाही.

खरखर झाली, मग प्रभावतीचाच आवाज आला. कथा सुरू झाली. सोनाराचं घर आलं, भांडण आलं, सुनेचं रुसणं आलं. ओट्यावर कुणी हसलं. कुणी म्हणालं, "आवाज बराबर येऊन राह्यला." प्रभावती पुढची वाक्यं मनात मोजत होती. अजून दोन. अजून एक.

मग रेडिओतली प्रभावती म्हणाली, की सुनेने खापर तापवलं आणि त्यात करडई टाकली.

दाराच्या आतली कुजबूज बंद झाली. एखाद्या बाईने नव्हे, सगळ्यांनी एकदम बंद केली. रेडिओ बोलत राहिला: करडई तडतडली, ताकाचा शिपका बसला, धूर आढ्याला लागला. आत बसलेली प्रत्येक बाई कधी ना कधी या घराच्या लग्नात जेवली होती. वस्तीतल्या बायका खाली बघत होत्या. बेबीनंदाने प्रभावतीच्या खुर्चीची पाठ धरली.

पुरुष ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. त्यांच्यासाठी ती सोनाराची चूल होती.

कथा संपली. गाणं लागलं. काकासाहेबांनी ट्रान्झिस्टर बंद केला. "झकास," ते म्हणाले. "सोनाराच्या घरचं बराबर उतरवलं. भाजतानाचं तर असं, की मला वास आला." ते हसले. हसता हसता थांबले आणि दाराकडे वळले. "माय, आपल्यात बी असंच करतात का गं?"

चतुराबाईंनी दाराची चौकट धरली. अंगणातून प्रभावतीला त्यांची बोटं दिसत होती.

केशरबाईने तोंड वर केलं. दिसत नसलं तरी ती नेमकी प्रभावतीच्या खुर्चीकडे बघत होती.

"आपल्यात करडई पडत न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई?"

"कधीच न्हाई पडली. कारळं टाकतो आपण." मग ती मागे न वळता म्हणाली, "काय गं चतुरा?"

"हो, आत्याबाई. कारळं."

एवढ्या बायकांपैकी कुणीही काही बोललं नाही. त्यातल्या निम्म्या जणींनी या घरच्या लग्नात करडई पाखडली होती. काकासाहेब म्हणाले, "असंल," आणि पान लावायला बसले. माणसं उठली. प्रभावतीने आपला पेला धुऊन ओट्याच्या कडेवर पालथा ठेवला. मग ती खोलीवर गेली.

पुढे काही दिवस चतुराबाई भेटल्या नाहीत. मग बाजाराच्या दिवशी शाळेच्या हापशावर त्या एकट्या सापडल्या. घागर भरत भरत, तोंड घागरीकडे ठेवून बोलल्या.

"आत्याबाईनं खापरच फोडलं. म्हणल्या, आता या घरात कारळंच. रोज जेवताना हे विचारतात, आमटीत काय कमी हाय? मी म्हणते, मीठ. आन् वाढते मीठ. किती मीठ वाढू, बाई?"

"आत्याबाई काही बोलल्या तुम्हाला?"

"एकच. म्हणल्या, तिच्या घरचं पाणी गोड हाय का गं." त्यांनी घागर उचलली. "मी काहीच न्हाई बोलले. त्या बी पुन्हा न्हाई बोलल्या. म्हणून भ्या वाटतं."

त्यानंतर प्रभावतीने लिहिणं सोडलं होतं असं नाही. बसायची, पण माणसं पुन्हा कागदावर उभी राहीनात. एका दुपारी, शाळा सुटल्यावर, तिने दार लावून घेतलं, वारं शेताकडे आहे हे बघितलं आणि खापर चुलीवर ठेवलं. करडई तडतडली. तिने ताक मारलं. धूर उठला आणि त्याच वेळी दारावर थाप पडली.

"बाई, हाय का घरात?"

काकासाहेब होते. शाळेच्या पत्र्यांबद्दल बोलायला आले होते. तिने दार उघडलं, कारण न उघडणं जास्त वाईट होतं. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि पत्र्यांबद्दलचं वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं. त्यांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. जेवताना न सापडणारी गोष्ट त्यांना सापडत होती, हे तिला समोर दिसत होतं.

"काय भाजून राह्यल्या?"

"करडई. कथेतली." तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला. "लिहिली तर खरी, म्हटलं करून बघावी."

"मनानं लिहिली व्हती?"

"मनानंच."

काकासाहेब चुलीकडे बघत राहिले. खापराशेजारी वाळूचं पातेलं होतं, ताटलीवर नानकटाया होत्या. त्यांच्या लेकीच्या बाळंतपणात घरात अशाच नानकटाया होत्या, चतुराबाईंनी केलेल्या.

"पाणी देऊ?" तिने विचारलं. विचारल्यावर तिला कळलं, की हे विचारायला नको होतं.

"नको," ते म्हणाले. "माय म्हणली, आमच्यात न्हाई पडत." मग वळले आणि गेले. पत्र्यांचं पुन्हा काढलं नाही.

त्या रात्री प्रभावती झोपली नाही. बेबीनंदाही जागीच होती. दोघींना एकच आवाज ऐकायचा नव्हता.

तो सकाळी आला. दुसरीचा वर्ग पाढे म्हणत होता आणि रस्त्यावर बैलगाडीची चाकं वाजली. प्रभावतीने खडू ठेवला. खिडकीतून आधी बैल दिसले, काकासाहेबांचेच. मग कचरू दिसला, त्यांचा सालगडी, कासरा धरून. सोनूबाईची गाडीही त्यानेच हाकली होती. तिने डोळे मिटले, मग उघडले.

गाडीत पोती होती. एकावर एक, वरपर्यंत. माणूस नव्हतं.

ती मुलांना पाढे म्हणायला सांगून बाहेर आली. "काय घेऊन चाललास, कचरूभाऊ?"

"करडई. जालन्याला, तेलाच्या गिरणीला."

"एवढ्यात? भाव पडलेत म्हणतात ना?"

"भाव कुणी इचारतंय? मालक म्हणले, घरात दाणा ठिवायचा न्हाई. बियाण्याची बी काढली." कचरूने बैलांना चुचकारलं. "आन् धाकल्या मालकीणबाईंनी सांगितलंय, त्या बांधावरच्या वाटेला काटे लाव. जाऊन आल्यावर लावतो."

गाडी पुढे गेली. प्रभावती वर्गात परत आली. मुलं सतरापर्यंत येऊन थांबली होती. "पुढं म्हणा," ती म्हणाली, पण पुढचा पाढा तिलाही आठवत नव्हता.