बंद भट्टीची नोंद

राहीबाई सायबर कॅफेच्या दारात उभी राहिली तेव्हा यशोधरा एका मुलाच्या अर्जाची प्रिंट काढत होती. चप्पल दाराबाहेर काढून बाई आत आली आणि तिने थेट विचारलं, "यशोधरा साळवे कोन?"

"मीच."

"माजा धंदा तुमी बंद केला. आता चालू करा."

एकोणीसशे नव्याण्णवचा मार्च होता. नगरमध्ये इंटरनेट पाहिलेली माणसं थोडी, आणि त्यावर आपल्या दुकानाबद्दल काय लिहिलंय हे ठाऊक असलेली त्याहून थोडी. पुण्याच्या एका कंपनीने जिल्ह्यातल्या उद्योगांची यादी इंटरनेटवर टाकली होती. तिच्यात चुकांचा सुळसुळाट होता. कुणाचा फोन दुसऱ्याच्या नावावर, कुणाची गिरणी भलत्याच तालुक्यात. त्या चुका फी घेऊन दुरुस्त करून देण्याचं काम यशोधराने सुरू केलं. कॅफे भावाचा, पंकजचा; दारावरची पाटी तिची: 'इंटरनेटवरील व्यवसायाची माहिती प्रत्यक्ष पाहून दुरुस्त करून मिळेल.' एसटीने जायची, डोळ्यांनी पाहायची, मगच पुण्याला कळवायची. कंपनी तिच्या दुरुस्तीखाली तिचं नाव छापायची, याचा तिला अभिमान होता.

त्याच नावावरून राहीबाई तिच्यापर्यंत पोचली होती.

धामणवाडी मिरजगावच्या पुढे, हायवेपासून आत. राहीबाईची शेव-पापडीची भट्टी तिथे. मस्कतच्या एका किराणा व्यापाऱ्याने ती यादीत पाहिली, नमुना मागवला, त्याला आवडला. त्याच्या भरवशावर बाईने दुसरी भट्टी बांधली, गावातल्या बायका कामाला लावल्या. व्यापाऱ्याचा पुण्यातला माणूस, रंगनाथ बोऱ्हाडे, येऊन करार करणार होता. तो येईना म्हणून आज सकाळी तिने बूथवरून पुण्याला फोन लावला.

"त्येंच्या हापिसातली पोरगी म्हनली, तुमचा धंदा बंद पडलाय आसं इंटरनेटवर हाय, खाली नगरच्या यशोधरा साळवेचं नाव हाय. सायेब मिरजगावच्या छगनशेटसंगं करार करायला नगरला गेल्यात. आज सांजच्याला सह्या."

यशोधराला कुलूप आठवलं. महिना झाला नसेल. मिरजगावच्या छगन फरसाणवाल्याचा पत्ता दुरुस्त करायला ती गेली होती. काम झाल्यावर तो सहज म्हणाला होता, "मॅडम, माझ्या खालची नोंदपण बघा. ती भट्टी बंद पडलीये." तशी ती धामणवाडीला गेली. दाराला कुलूप, भट्टी गार, कढया पालथ्या. पारावरच्या म्हाताऱ्याला तिने विचारलं, भट्टी बंद आहे का? व्हय, बंद हाय, तो म्हणाला. तिने तसं कळवलं.

"मी स्वतः पाहिलं होतं, मावशी."

"बघितलं आसंल. जत्रंच्या म्हैनाभर आदी आमच्या नाथदेवाला तेल लागतं, तवापासनं जत्रंपतुर गावात कुनी तळान तळीत न्हाई. घरात न्हाई, धंद्यात न्हाई. कढई पालथी घालायची. समद्या मुलखाला ठावं हाय."

"छगनशेठना?"

"छगन आमच्या गावचा जावई. आमची चांगुना दिलीया त्याला. त्याला ठावं नसंल व्हय?"

पंकज तोवर उठून आला होता. त्याने बहिणीला बाजूला घेतलं. "मेल टाक आणि मोकळी हो. कंपनीकडून चूक झाली म्हण. छगनशेठ आपलं गिऱ्हाईक आहे, त्यांनी आणखी चौघं आणून दिलेत."

"कंपनी यादी शुक्रवारी बदलते. सह्या आज आहेत."

"मग तू काय करणार?"

तिने पर्स उचलली. ऑफिसातल्या मुलीने राहीबाईला सांगितल्याप्रमाणे बोऱ्हाडे तारकपूर स्टँडजवळच्या लॉजवर उतरला होता. रिक्षात राहीबाई पदर घट्ट धरून बसली होती. यशोधराच्या डोक्यात मात्र वाक्यांची जुळवाजुळव चालली होती. गैरसमज झाला म्हणावं. माहिती अपुरी मिळाली म्हणावं. प्रत्येक वाक्य चूक दुसऱ्या कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवत होतं.

खोलीचं दार उघडंच होतं. टेबलावर करार, शेजारी शेवेचं फोडलेलं पाकीट. छगन खुर्चीत ऐसपैस बसला होता. तिला पाहून हसला. "या मॅडम, या. पेढे खायला अगदी वेळेवर आलात." मग त्याला मागची राहीबाई दिसली.

"बोऱ्हाडे साहेब," यशोधरा म्हणाली, "यादीतली राहीबाईंची नोंद चुकीची आहे. ती मी पाठवली होती. चूक माझी आहे." आणि तिने कुलूप, कढया, म्हातारा, नाथाचं तेल, सगळं सांगून टाकलं. जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही.

बोऱ्हाडेने पेनचं टोपण लावलं. "तेव्हा बंद म्हणालात, ते चूक निघालं. आता चालू म्हणताय, ते तरी खरं कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. जाऊन बघा."

"ठीक आहे. खाली जीप आहे. आत्ता निघू. भट्टी पेटवून एक घाणा काढून दाखवा. मी करार थांबवतो."

छगनने पाकिटातली शेव चिमटीत घेतली. "जा की मावशी. सायेब एवढं म्हणतायत."

"न्हाई," राहीबाई म्हणाली. "परवा रंगपंचमीला नाथाची जत्रा. ती झाली की या. त्याच्या आदी कढई चढायची न्हाई."

"परवा मी मुंबईला आहे. माल वेळेत बोटीवर चढायला हवा."

यशोधरा तिच्या कानाशी वाकली. "मावशी, एकच घाणा. गावाच्या शिवेबाहेर चूल मांडू."

"माज्याकडच्या बायांतली एकबी पीठ मळायची न्हाई. त्येंच्या जिवावर माजी भट्टी. त्यास्नी नेम मोडायला लावू?"

छगन पुढे सरकला. "बघितलंत सायेब? आज देव, उद्या आणखी काय. करा सही."

बोऱ्हाडेने पेन पुन्हा उघडलं. यशोधराला वाटलं, संपलं. आणि तेव्हाच तिला जाणवलं, की धामणवाडीत जो प्रश्न विचारायचा राहून गेला होता तो इथे अजून विचारता येईल.

"छगनशेठ, ही भट्टी परत कधी पेटणार, हे तुम्हाला माहीत होतं का?"

"मला काय माहीत? मी का गुरव आहे त्या देवाचा?"

"जावईबापू," राहीबाई हळू आवाजात म्हणाली, "आमची चांगुना कशी हाय? ती तर तुमच्या घरातबी ह्या दिसात कढई ठिवत न्हाई. गेल्या सालाला तुमीच पारावर बसून म्हनला हुता, बायकूपायी म्हैनाभर भज्याला म्हाग झालो. समदे हसलं हुतं."

छगनची चिमूट तोंडाजवळ थांबली.

"सासुरवाडी कुठली तुमची?" बोऱ्हाडेने विचारलं.

"धामणवाडी," छगन म्हणाला. मग लगेच, "पण सायेब, धंद्यात आपण दुसऱ्याची माहिती कशाला सांगत बसायची?"

"सांगितलीत की. यांना. बंद पडलीये म्हणून." त्याने करार घडी करून बॅगेत टाकला. "मुंबईला एक दिवस उशिरा गेलो तरी चालेल. बाई, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. घाणा आवडला तर बोलू. नाही आवडला तर तसाच परत जाईन."

"या," राहीबाई म्हणाली. "आवडंल."

जिन्यात छगनने यशोधराला गाठलं. आता तो हसत नव्हता. "फी माझी घेतली, आणि बोललात तिच्या बाजूने. मिरजगावात आता तुम्हाला कोण काम देतंय तेच बघतो."

तो म्हणतो तसं घडू शकत होतं.

कॅफेत परतल्यावर तिने पुण्याची लाईन लावली. मोडेम किरकिरला, तुटला, पुन्हा किरकिरला. पंकज दुसऱ्या टेबलाशी वायरी आवरत होता. यशोधराने टाईप केलं आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या राहीबाईला वाचून दाखवलं: आधीची दुरुस्ती चुकीची होती, व्यवसाय चालू आहे.

"फुडं लिव्हा," बाई म्हणाली. "दरसाली तेल लागल्यापासून जत्रंपतुर भट्टी बंद ऱ्हाईल."

"मावशी, हे नको. वाचून लांबचं गिऱ्हाईक बिचकेल."

"बिचकंना का. खरं हाय न्हवं ते?"

यशोधराने ते वाक्य घातलं. लाईन पुन्हा तुटली. तिने पुन्हा लावली.