कोर्व्हेची बंद सायकलवाट

मी कोर्व्हे गावची सायकलवाट. माझ्यावर मोटार येत नाही, ट्रक येत नाही, साधी स्कूटरसुद्धा नाही. आता तर सायकलही येत नाही. ती का येत नाही ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तेवढंच सांगायला आज बोलतेय.

जन्माने मी रेल्वेची लाईन. फ्रान्सच्या आतल्या भागातली, छोटीशी. इकडून गुरं आणि बीट न्यायचं, तिकडून कोळसा आणायचा. मग गाडी बंद झाली. रूळ उपटून नेले, रुळांखालचे लाकडी स्लीपर ज्याला जमले त्याने परसात नेऊन लावले. मी तशीच पडून राहिले. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या अंगावर चढल्या. त्या काळात माझ्याकडे फिरकायचा तो एकटा फिर्मँ.

फिर्मँ हा इथलं रेल्वेफाटक सांभाळणाऱ्या बाईचा मुलगा. त्याच्या दोन कुरणांच्या बरोबर मधून मी जाते. त्याने जाळ्या तोडल्या, गवताचे भारे माझ्यावर रचले, रोज दूध काढायला गाई माझ्यावरून नेल्या-आणल्या. मी त्याच्या मालकीची नव्हते. पण तसं त्याला कुणी कधी म्हटलं नाही, आणि मलाही तो परका वाटला नाही.

फाटकाशेजारच्या घरात त्याची धाकटी बहीण ओदेत राहते. लग्न केलं नाही. भावाचं घर वेगळं, चूल वेगळी, पण सकाळचं दूध तिकडून यायचं आणि रविवारचं जेवण इकडून जायचं.

एके वर्षी यंत्रं आली. माझ्यावर बारीक चुनखडीची खडी अंथरली, रोलर फिरवला, पाट्या लावल्या. पांढरट, गुळगुळीत, पावसातही चिखल न होणारं अंग मला मिळालं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आणि मग सायकली आल्या. मागे दोन्हीकडे पिशव्या लटकवून, तंबू बांधून, लोक आठ-आठ दिवस माझ्यासारख्या वाटांवरून समुद्रापर्यंत जायचे. नकाशावरून भांडणारी नवरा-बायको पाहिली, मागे राहिलेल्या आईसाठी न थांबणारी मुलं पाहिली. एकटा माणूस सायकलवर गातो आणि समोरून कुणी आलं की खोकतो, हेही इथेच कळलं.

ओदेतने दारात एक टेबल आणि दोन बाकं मांडली. कॉफी आणि नाशपातीचा टार्ट. लोक थांबायचे, नळाचं पाणी भरायचे, तिच्याशी बोलायचे. इतकी वर्षं गप्प असलेली बाई हसायला लागली.

फिर्मँ मात्र आटत गेला. त्याच्या गाई आता पाहुण्यांच्या रस्त्यातून जाऊ लागल्या होत्या.

"अहो काका, आवरा ना तुमच्या गाई! किती वेळ थांबायचं?" एखादा सायकलवाला ओरडायचा.

"गाईंना सांगा. त्यांना घंटी वाजवा. तुमचं काय बाबा, तुम्ही सुट्टीवर. त्या कामावर आहेत."

"आणि हे शेण?"

"मग काय अत्तर टाकतील?"

गाई नेताना तो माझ्यावर दोन बाजूंनी कुंपणाची बारीक तार आडवी ओढायचा. एका कुरणाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात सरळ गल्ली तयार व्हायची. तारेला पांढरी फडकी बांधलेली असायची, लांबून दिसावीत म्हणून. गाई गेल्या की तार गुंडाळून तो न्यायचा. कधी चुकला नाही.

ऑगस्टमधली ती दुपार. ब्लांदीन नावाची एक बाई ओदेतच्या बाकावर बसली होती. चाळिशीतली, दणकट, बोलघेवडी. ल्योन शहरात सिटीबस चालवायची.

"वर्षभर माझ्यापुढे गाड्या, मागे गाड्या, आणि आत शिव्या देणारी माणसं," ती टार्ट खाता खाता म्हणाली. "म्हटलं, एकदा तरी असं जाऊ की कुणी हॉर्न वाजवणार नाही. समुद्रात पाय बुडवते आणि रेल्वेने परत."

"इथे हॉर्न नाही, पण माझा भाऊ आहे," ओदेत म्हणाली. दोघी खूप हसल्या.

"येताना त्यालाच भेटले वाटतं. मला म्हणाला, एवढं सामान घेऊन निघालात, नवऱ्याने घराबाहेर काढलं का?"

त्याच वेळी खालच्या कुरणात फिर्मँची एक गाय अडली होती. वासरू उलटं होतं. त्याने बाकीच्या गाई घाईने माझ्यावरून पलीकडे काढल्या आणि दोरखंड आणायला तो गोठ्याकडे पळाला. एका बाजूची तार त्याने काढली. दुसऱ्या बाजूची राहिली. ती नवी होती, तिला फडकी बांधलेली नव्हती. थोडं पुढे गेल्यावर तो थांबला, वळून पाहिलं, आणि गेला.

ब्लांदीन निघाली. फाटकापासून पुढे मला थोडा उतार आहे. तिने पाय मारणं सोडलं, सायकल आपोआप धावू दिली. ऊन समोरून होतं. तार हँडलमध्ये अडकली. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि बाई तिच्यावरून फेकली गेली. खांदा आधी टेकला, मग जबडा. तार तुटून खाली पडली.

मला ओरडता आलं असतं तर मी आधीच ओरडले असते.

ओदेत हातातला टॉवेल घेऊन धावत आली. तिने ब्लांदीनचं डोकं मांडीवर घेतलं, रक्त पुसलं, अँब्युलन्सला फोन केला. "हलू नका, मी आहे, मी आहे ना," असं म्हणत राहिली. मग तिची नजर तारेवर गेली. तसली कुंपणाची तार तिने लहानपणापासून भावाच्या हातात पाहिलेली. ब्लांदीनचे डोळे मिटलेले होते. ओदेतने एका हाताने तार ओढून घेतली, मनगटावर गुंडाळली आणि एप्रनच्या खिशात घातली. दुसरा हात ब्लांदीनच्या कपाळावरच होता.

पोलीस आले तेव्हा ती म्हणाली, "घसरल्या. खडी सैल आहे तिथे."

माझी खडी सैल नव्हती.

काही दिवसांनी मेयर शास्तँबाई आल्या. बुटाच्या टाचेने मला उकरून पाहिलं. बरोबरच्या माणसाला म्हणाल्या, "बस ड्रायव्हर होती म्हणे. उगाच पडेल का? उतार आहे, खडी आहे, उद्या कुणी मेलं तर मला विचारतील." मग एक क्रेन आली आणि फाटकाच्या अलीकडे-पलीकडे प्रचंड दगड टाकून गेली. 'वाट बंद' अशी पाटी लागली. सायकलींना वळवलं ते मोठ्या रस्त्यावर, लाकडांचे ट्रक जातात त्या. इथून मला ट्रक ऐकू येतात. कचकन ब्रेक लागला की मागून सायकलची घंटी ऐकू येते का, याकडे मी कान लावते.

ओदेतचं टेबल आत गेलं. बाकांवर पानं साचली. फिर्मँला हवं होतं ते मिळालं होतं, गाई निवांत जात होत्या. पण तो मान वर करून चालेना. बहिणीकडे दूध आणायचा, पायरीवर ठेवायचा. दोघं एकमेकांना 'थंडी पडली' आणि 'पाऊस दिसतोय' यापलीकडे काही म्हणत नव्हती. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि दोघांना सगळं माहीत होतं.

वसंत आला तेव्हा ब्लांदीन आली. चालत. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, जबडा किंचित वाकडा बसला होता. ओदेत दारात उभी राहून पाहतच राहिली.

"कॉफी मिळेल का, मादाम? त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून... आभार मानायचे राहिले होते."

ओदेतने कॉफी आणली.  तेवढ्यात फिर्मँ दुधाची किटली घेऊन आला आणि बाईला ओळखून तिथेच थबकला.

"मी बस चालवणं सोडलं," ब्लांदीन सांगत होती. "हात बरा होईल. पण पोलीस म्हणतात खडीवरून घसरले, डॉक्टर म्हणतात, चक्कर आली असेल. मला तर आठवतं की कुणीतरी हँडल धरलं. डोळ्यांपुढे एक रेघ येते. सगळे म्हणतात, तिथे काहीच नव्हतं. मोकळ्या वाटेवर, समोर काही नसताना मी पडले, तर मागे एवढी माणसं घेऊन बस कशी चालवू? म्हणून जागा बघायला आले. मादाम, तुम्ही पहिल्या आलात. तुम्हाला काही दिसलं होतं का?"

ओदेतने कप तिच्यापुढे सरकवला.

"तार होती," फिर्मँ म्हणाला.

ब्लांदीनने वळून पाहिलं.

"माझी तार. गाय अडली होती, घाईत राहिली, असं म्हणता येईल. पण मी वळून पाहिलं होतं. दिसली होती मला. म्हटलं, असू दे. थांबू देत त्यांना जरा." त्याने किटली खाली ठेवली. "कुणी पडेल असं मनात नव्हतं. खरंच नव्हतं. पण दिसली होती."

 ब्लांदीनने ओदेतला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"माझं डोकं तुमच्या मांडीवर होतं."

"हो."

"मला वेड लागलंय असं वाटत होतं हो मला. सगळा हिवाळा."

ओदेत रडायला लागली. ब्लांदीनने तिला हात लावला नाही. उठली, कॉफी तशीच सोडली, आणि फिर्मँला म्हणाली, "चला. हे जे मला सांगितलंत ते पोलिसांना सांगायचं. आत्ता." तो टोपी हातात धरून तिच्या मागून गेला. किटली दारातच राहिली.

त्याच्यावर खटला झाला, शिक्षाही झाली. ती स्थगित ठेवली, म्हणून तुरुंगात मात्र गेला नाही. ओदेतलाही खोटं बोलल्याबद्दल बोलावणं आलं. गावात काहीजण तिच्याशी बोलेनासे झाले. परवा ती बाकावर बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होती, म्हणजे बहुतेक ऐकतच होती. शेवटी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. कुंपणापलीकडे फिर्मँ होता.

"ब्लांदीन पुन्हा चालवतेय बस," ती त्याला म्हणाली.

"आपल्याबद्दल काय म्हणाली?"

"काही नाही."

त्याने मान हलवली आणि गाईंकडे गेला.

माझं म्हणाल तर दगड अजून तसेच आहेत. चूक माझी नव्हती हे मेयरबाईंना कळलंय. पण आता विमावाले परवानगी देत नाहीत, वरच्या ऑफिसची सही व्हायचीय, पुढच्या वर्षी बघू, असं चाललंय. जाळ्या पुन्हा कडेने आत सरकू लागल्यात. फिर्मँ सकाळी कोयता घेऊन येतो आणि जमेल तेवढ्या तोडतो. त्याचं वय झालंय, जाळ्यांचा वेग त्याच्यापेक्षा जास्त आहे.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर ट्रकच्या रस्त्याला लागू नका. दगड आणि ओदेतची भिंत यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी फट आहे. उतरा, सायकल हाताने आत घ्या, आणि गाई जात असतील तर थांबा. कुणी ना कुणी येत राहिलं, तर मला बंद म्हणणं त्यांना जड जाईल.