शेऱ्याचा रकाना

मनगटाचा पट्टा होता तो... पिवळ्या पिशवीच्या तोंडाशी रक्ताळलेल्या कापसाला चिकटलेला, कात्रीनं कापलेला, बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा. बजाबाईची नजर आधी त्यावरच्या अक्षरांकडे गेलीच नाही, ती अडली प्लास्टिकवर. प्लास्टिक लाल पिशवीत, कापूस पिवळ्यात, सुया पांढऱ्या डब्यात – किती वेळा सांगायचं यांना, असं पुटपुटत तिनं चिमट्यानं तो उचलला, आणि लाल पिशवीकडे नेता नेता तिचे ओठ आपोआप हलायला लागले. सि... द्धा... प्पा. वय अडुसष्ट.

दिसेल ते वाचायचं, ही खोड गेल्या वर्षभरातली. मोडनिंबला दुसरीत शाळा सुटली तेव्हा सुटलेली अक्षरं तिला पन्नाशीत परत भेटली ती इथं सोलापुरात, दवाखान्यामागच्या या कचऱ्याच्या खोलीत, भिंतीवरच्या रंगीत तक्त्यावर. वॉर्डावॉर्डातून पिशव्या आणायच्या, काट्यावर ठेवायच्या आणि वहीत लिहायचं – वॉर्ड, रंग, वजन, वेळ. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कायम कोराच राहायचा. शेरा मारायचा म्हणजे साहेबांनी. कचरा उचलणारीनं कसला शेरा मारायचा...

पण सिद्धाप्पा तर वरच आहे, वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर. अक्कलकोटकडचा, कानानं अधू. सकाळी कचऱ्याची पिशवी बदलताना तिनं विचारलं होतं, चहा झाला का, तर म्हणाला हौदु. दुखतंय का – हौदु. तिकडचं होय म्हणजे हौदु, एवढं तिला कळत होतं, आणि ऐकू आलं नाही की म्हातारा होयच म्हणतो हेही. तो वॉर्डात असताना, घरी निघालेल्या माणसाचा कापावा तसा त्याचा पट्टा कापला कुणी? आणि कापला, तर आता हातात काय?

दुसरा बांधला असेल की. असेल. आपल्याला काय करायचंय, अजून चार वॉर्डांचं वजन बाकी आहे, कचरा न्यायला मकदूमची गाडी येईल... असं मनाशी म्हणेपर्यंत ती चिमटा तसाच हातात धरून अर्धा जिना चढलेली होती.

वॉर्डात पट्ट्यांवरची नावं बघत डॉक्टर नऊ नंबरच्या खाटेपाशी येऊन थांबले होते. स्टँडला रक्ताची पिशवी टांगलेली. नळी अजून जोडायची होती.

"मल्लेश ना तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"हौदु," म्हातारा म्हणाला.

डॉक्टरांनी त्याचा हात वळवून पट्टा पाहिला, मग पिशवीवरची चिठ्ठी. दोन्हीकडे तेच नाव. त्यांनी मान डोलावली. आणि बजाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहून, जोडाक्षरावर जरा ठेचकाळत, त्या सुजलेल्या मनगटावरचं नाव वाचत होती. म... ल्ले... श. तिच्या कानशिलात ठोके पडायला लागले. हे चूक आहे, हे मला दिसतंय, आणि इतक्या शिकलेल्या माणसाला दिसत नाही...

"साहेब, थांबा. ते मल्लेश न्हाईत."

"मावशी, बाहेर व्हा. मध्ये बोलू नका."

"त्ये सिद्धाप्पा हायत. त्येंचा पट्टा ह्यो बघा, कचऱ्यात घावला." तिनं चिमटा पुढं केला. "मल्लेश त्यो, अकरा नंबरचा."

अकरा नंबरवर दुसरा एक म्हातारा तोंडावर चादर घेऊन झोपला होता. डॉक्टर दोन ढांगांत तिकडे गेले, त्यांनी चादरीतून त्याचा हात बाहेर काढला आणि मनगटावरचा पट्टा वाचला – सिद्धाप्पा. मग परत येऊन रक्ताची पिशवी स्टँडवरून काढून घेतली.

"दोघांचा रक्तगट वेगळा आहे," ते हळूच म्हणाले. "हे चढलं असतं तर..."



जिना उतरताना तिच्या ओठांवर काही केल्या हसू मावत नव्हतं. कुणाला तरी धरून सांगावं – मी वाचलं. मी, बजाबाईनं. लग्नात नाव घेतानासुद्धा छाती एवढी धडधडली नव्हती. कुणाचा तरी जीव जाता जाता राहिला आणि आपण हसतोय, हे बरं नव्हे, असं तिनं स्वतःला बजावलं; तरी हसू आलंच... आणि खोलीत येऊन वहीसमोर बसल्यावर एकदम कोंडीबाचा कागद आठवला.

कोंडीबा, तिचा नवरा, दुसऱ्या एका दवाखान्यात वारला, त्याला नऊ वर्षं झाली. तिथं तासभर तो तिच्याशी बोलला होता, पाणी मागितलं होतं, लेकीला, पिंकीला शाळेतून कोण आणणार म्हणून विचारलं होतं. मग हातात कागद आला, तिनं अंगठा दिला. वाचायला आल्यावर तिनं तो ट्रंकेतून काढला, बोटानं एकेक अक्षर लावलं – 'आणण्यापूर्वीच मृत.' म्हणजे तो तास कुठं गेला? ते पाणी? कागदात नाही म्हणून ते घडलंच नाही...

"मावशी."

दारात पायल सिस्टर उभी होती. उजनीच्या काठावरच्या गावची, पिंकीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी. डोळे लाल.

"माझ्याकडनं झालं. सलाइननं दोघांचे हात सुजले होते. जुने पट्टे कापले, नवे लिहिले, आणि बांधताना... डॉक्टर म्हणाले, काही झालं नाही ना, मग केसपेपरात नको. तुम्हीही वहीत लिहू नका. माझी नोकरी जाईल, मावशी."

हसू कुठल्या कुठं गेलं. पण धडधड तशीच. आपल्या आनंदाच्या पायात ही पोर आली की. नाही लिहिलं तर काय बिघडतं? सिद्धाप्पा बरा आहे. पट्टा लाल पिशवीत गेला की गाडीत जाईल, गाडी गेली की संपलं... आणि मग पुढच्या वेळी? पुढच्या वेळी पट्टा माझ्या नजरेला पडला नाही तर?

"ड्युटीवर कवापास्नं हाईस?" तिनं विचारलं.

पायल जरा गोंधळली. "काल सकाळपासून. दोघी रजेवर आहेत. अख्ख्या वॉर्डात मी एकटीच."

"त्ये कुटं लिवलंय?"

"कुठंच नाही."

बजाबाईनं वही ओढली. सगळं लिहायचं, नाहीतर काहीच नाही. अर्धं लिहिलं तर ते कोंडीबाच्या कागदासारखं होईल. तिनं शेऱ्याच्या रकान्यात सुरुवात केली. 'पिवळ्या पिशवीत सिद्धाप्पाचा पट्टा सापडला. खाट नऊ आणि अकरा, पट्टे उलटे बांधले.' अक्षरं मोठी, रकाना चिंचोळा. ओळ खालच्या घरात उतरली. पायल वाकून वाचत होती. तिचा श्वास कानाला लागत होता, पण तिनं हात धरला नाही. 'सिस्टर काल सकाळपासून...'

बाहेर हॉर्न वाजला. या पानाची प्रत कचऱ्याबरोबर जायची, दवाखान्याच्या बाहेर. तिथं ती कोण वाचेल, वाचून काय करेल, उद्या ही खोली आपली असेल की नसेल... 'एकटी' हा शब्द तिनं कधी लिहिला नव्हता. ए. मग क...

"मौसी, कागद दो ना," मकदूम दारातून म्हणाला. "देर होरी."

"थांब की जरा," बजाबाई मान वर न करता म्हणाली. "लिवतेय मी."

आणि आपलाच आवाज ऐकून ती चकित झाली. आजवर तिनं कुणालाही थांबवलं नव्हतं. आज दुसऱ्यांदा थांबवत होती. भीती होतीच, पण जत्रेतल्या उंच पाळण्यात वर जाताना वाटते तशी, आणि खाली उतरावं असं तिला अजिबात वाटत नव्हतं.