मरळीचा दोरा

उदगीरच्या बाजारात सोमेशचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, सुंभाचे गुंडे, नळाच्या तोट्या, आणि मागच्या काचेच्या कपाटात त्याच्या शौकाचा माल : गळ, रबरी बेडूक, रिळं, दोरे. घरातली माणसं कपाळाला विभूती लावल्याशिवाय चहा न घेणारी. मासा त्या घराच्या उंबऱ्याआत कधी आला नव्हता आणि सोमेशनंही आणला नव्हता. तो दर रविवारी जळकोटकडच्या तलावावर जायचा, मरळ पकडायचा, फोटो काढायचा अन् परत पाण्यात सोडून द्यायचा. "सोडूनच देतो ना, मग पाप कसलं?" असं त्यानं वडिलांना पटवून ठेवलं होतं.

दोऱ्यातलं मात्र त्याला खरोखर कळायचं. जळकोट, मुखेड, देगलूरहून पोरं दोरा घ्यायला त्याच्याचकडे यायची. "टाकणार कुठं?" हा त्याचा पहिला सवाल. मोकळं पाणी असेल तर साधा तंगूस, नायलॉनचा एकेरी दोरा. तो ताणला जातो, माशाचा झटका पोटात घेतो. पण मरळ राहते शेवाळात, कमळाच्या देठांत. तिथं तंगूस तुटतो. तिथं विणलेला दोरा पाहिजे. शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक, पण तसूभर ताणला जाणार नाही आणि शेवाळ सुरीसारखं कापत जाईल. हा दोरा देताना सोमेश प्रत्येकाला बजावायचा, "काठी आणि रीळ असेल तरच वापरायचा. हाताला गुंडाळला तर बोटं जातील."

त्या तलावावर ग्यानोबा भोई रोज असायचा. साठीचा माणूस, त्याच्याकडे ना काठी ना रीळ. जाड तंगूस पाण्याच्या बाटलीवर गुंडाळलेला, गळाला जिवंत बेडकी. बेशरमाच्या झाडीत उकिडवा बसायचा, बेडकी शेवाळावर टाकायचा आणि दोऱ्याचे तीन वेढे उजव्या तळहाताला घ्यायचा. मरळ लागली की उठून उभा राहायचा आणि हातानंच ओढून काढायचा. दिवसाला दोन-तीन. त्याची बायको कोंडाबाई ती जळकोटला नेऊन विकायची.

सोमेशचा तलावावरचा सोबती सर्वेश, कॉलेजात शिकवणारा. त्याला व्हिडिओ काढायचा नाद. भाद्रपदातल्या एका रविवारी सोमेशनं आळस केला. आधीच्या आठवड्याचा तंगूस रिळावर तसाच होता, तो बदलला नाही. नेमकी त्याच दिवशी हातभर लांबीची मरळ त्याच्या रबरी बेडकावर झडपली, कमळाच्या देठांत शिरली आणि तंगूस तोडून गेली. "मोठी होती लई," सोमेश म्हणाला. सर्वेश हसला. एवढंच झालं असतं तर सोमेश विसरलाही असता.

पुढच्या रविवारी ग्यानोबानं तीच मरळ काढली. तिच्या जबड्यात सोमेशचा बेडूक तसाच रुतलेला. ग्यानोबानं तो हळूच सोडवला, धोतराला पुसला आणि काठावरून चालत येऊन सोमेशपुढं धरला.

"मालक, तुमचं बेडूक घ्या. सांभाळून ठिवत जावा."

त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. पण सर्वेशचा मोबाईल चालू होता. तीन दिवसांत अख्ख्या बाजारानं ते पाहिलं. पानवाला, हमाल, समोरचा भांड्यांचा दुकानदार, सगळे विचारायला लागले, "काय शेठ, बेडूक सापडलं का?" दोरा घ्यायला आलेली पोरंसुद्धा काउंटरवर एकमेकांना कोपरखळ्या मारायची. घरी बायकोही हसली. सोमेशही हसायचा आणि मग गल्ल्यापाशी बसून दात आवळायचा. राग सर्वेशचा यायला हवा होता. पण सर्वेश बरोबरीचा. राग गेला तो सगळा ग्यानोबाकडे.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी त्यानं कपाट उघडलं. बराच वेळ तो रिळं चाळत राहिला. जाड दोरा रुततो, पण कापत नाही. साधा बारीक कापतो, पण तुटू शकतो. शेवटी त्यानं हिरवा विणलेला दोरा निवडला, सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत चिवट. गिऱ्हाइकासाठीही इतक्या विचारानं त्यानं कधी दोरा निवडला नव्हता.

तलावावर त्यानं तो ग्यानोबाच्या हातात ठेवला, तेव्हा सर्वेशचा मोबाईल चालू होता. "घ्या मामा. माझं बेडूक परत केलंत, त्याची भेट."

ग्यानोबानं अंगठ्यानं दोरा चाचपला. "लई बारीक हाय की वो."

"तुमच्या तंगुसाच्या तिप्पट ताकद आहे. मोठी मरळ लागली तरी तुटायचा नाही."

"तुटायचा न्हाई ते खरं," ग्यानोबा दोरा बोटांत फिरवत म्हणाला. "पर हाताला कापत न्हाई ना?"

सोमेशनं त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत निव्वळ विचारणा होती, जशी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत असते.

"न्हाई," सोमेश म्हणाला.

ग्यानोबानं गळ बांधला, बेडकी लावली, शेवाळाच्या कडेला टाकली. तीन वेढे घेतले. सर्वेशनं मोबाईल पाण्याकडं वळवला. ऊन चांगलं वर आलं होतं. सोमेश बाजूच्या दगडावर बसला आणि आपली काठी त्यानं उघडलीच नाही.

पाऊण तासानं शेवाळ फाटल्यासारखं झालं. ग्यानोबा सवयीनं उठला आणि हात मागे घेतला. मरळ खाली गेली. तंगूस असता तर ताणला असता. हा ताणला नाही. ग्यानोबाच्या तोंडातून आवाज निघाला तो सर्वेशला आधी हसण्यासारखा वाटला. "धरा मामा, सोडू नका!" तो ओरडला.

सोडता येतच नव्हतं. वेढे मांसात गेले होते. मरळ देठांत शिरून ओढत होती आणि म्हातारा हात पुढं करून तिच्यामागं गुडघाभर पाण्यात चालला होता, दावणीला बांधल्यासारखा. कोपरापर्यंत रक्त आलं. त्यानं डाव्या हातानं दोरा धरायचा प्रयत्न केला तर तो हातही कापला. मग तो वाकून दातांनी दोरा तोडायला लागला. तुटेना.

"कापा! मालक, कापा वो!"

दोरा कापायची कात्री सोमेशच्या खिशात होती. त्यानं खिशात हात घातला, कात्री मुठीत धरली आणि तसाच उभा राहिला. आता हस की, असं त्याच्या मनात आलं. म्हातारा तिसऱ्यांदा ओरडला. चौथ्यांदा ओरडला तेव्हा आवाजात शब्द उरले नव्हते. सर्वेश मोबाईल टाकून पाण्यात धावला आणि "कात्री! सोम्या, कात्री!" म्हणून किंचाळला, तेव्हा कुठं सोमेश उतरला आणि दोरा कापला.

सर्वेशनंच गाडीत घालून म्हाताऱ्याला लातूरला नेलं. दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी शिवल्या, पण ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. सर्वेशनं व्हिडिओ पुसून टाकला. त्यात सोमेशचं "न्हाई" स्पष्ट ऐकू येत होतं. ते त्यानं घरी बसून दोनदा ऐकलं, मग पुसलं. त्यानंतर तो सोमेशबरोबर तलावावर गेला नाही. पण कुणाला काही बोललाही नाही.

संक्रांतीनंतर एका दुपारी ग्यानोबा आणि कोंडाबाई दुकानात आले. तीन-चार गिऱ्हाइकं होती. सोमेश मान खाली घालून खिळे मोजायला लागला. पण ग्यानोबा नेहमीसारखाच म्हणाला, "राम राम मालक. तंगूस पायजे होता. आता डाव्या हातानं टाकावं म्हनतो. कोंचा बरा पडंल?"

सोमेशला हायसं वाटलं. त्यानं भराभरा चार गुंडे काढले. "हा घ्या. जाड आहे. तुमच्यासाठी हाच."

"ह्यानला ठावं नव्हतं गं," ग्यानोबा बायकोला समजावत म्हणाला. "दुकानदाराला सगळंच ठावं असतंय का? मी सांगतोय हिला मालक, तर ऐकून न्हाई राहिली."

"हाव, मला कुठं माहीत होतं," सोमेश म्हणाला.

कोंडाबाईनं गुंड्यांना हात लावला नाही. तिनं मागच्या कपाटाकडं बोट केलं. "त्यो हिरवा काढा."

"तो कशाला आता?"

"काढा तर."

त्यानं काढला. तिनं हातभर दोरा सोडवला आणि टोक त्याच्यापुढं धरलं. "घ्या हाताला तीन येढे. मी वढते."

सोमेशनं हसायचा प्रयत्न केला. "अहो मावशी, काहीतरीच काय."

"ठावं नव्हतं म्हनता न्हवं? मग भ्या कशाचं वाटायलंय? घ्या."

सोमेशचे दोन्ही हात काउंटरखाली गेले. त्यानं ते नेले नव्हते, आपोआप गेले. कोंडाबाई दोरा धरून उभीच होती. पण ती आता त्याच्याकडं पाहत नव्हती, नवऱ्याकडं पाहत होती. ग्यानोबानं काउंटरच्या कडेकडं पाहिलं, जिथं मघा सोमेशचे हात होते. मग सोमेशच्या तोंडाकडं पाहिलं. इतके महिने त्यानं धरून ठेवलेलं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं. तो ओरडला नाही.

"मी इचारलं होतं तुमाला," तो एवढंच म्हणाला. "तोंडानं इचारलं होतं."

कोंडाबाईनं दोरा काउंटरवर टाकला. दोघं पायऱ्या उतरले. तंगूस घेतला नाही.

बिजागऱ्या घ्यायला आलेल्या महादेवप्पानं विचारलं, "काय भानगड हाय, सोमेश?"

सोमेशनं हात वर घेतले. दोरा रिळावर गुंडाळत तो म्हणाला, "काही नाही काका. पिऊन गळ टाकायला बसला, हात कापून घेतला. आता आपल्या माथी मारायलाय."

"अरारा. ही माणसं अशीच," महादेवप्पा म्हणाला.

ग्यानोबानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण दिवेलागणीपर्यंत ती गोष्ट बाजारभर झाली, आठवड्यात जळकोटला पोचली. कोंडाबाई आता बाजारातल्या आपल्या जागेवर मरळीऐवजी सुके बोंबील घेऊन बसायची. तिच्यासमोर उभं राहून बायका एकमेकींना सांगायच्या, नवरा बेवडा निघाला बिचारीचा. ती एकीला सांगून पाहायची, दुसरीला सांगून पाहायची. मग तिनं सांगणं सोडलं.

सोमेश पुढच्या रविवारी तलावावर गेला. बेशरमाच्या झाडीपाशी कुणी नव्हतं. शेवाळासाठी विणलेला दोरा रिळावर व्यवस्थित भरलेला होता. त्यानं पहिल्याच तासात दोन मरळी काढल्या, फोटो घेतले आणि पाण्यात सोडून दिल्या. दिवस छान गेला, असं तो घरी आल्यावर बायकोला म्हणाला.