मधेच लाईन गेली तर

आसेगावच्या राखीचं काम सांगायला सोपं होतं. पुण्यातल्या तिच्या कंपनीचं एक टूल होतं. ते सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधायचं, गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवरचं जुनं काढायचं आणि नवं बसवायचं. ते धड चालतं का हे तपासणाऱ्या शेकडो टेस्ट राखीने गटागटाने लावून ठेवल्या होत्या. एक बटण दाबलं की त्या आपोआप धावत. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल.

आणि एक टेस्ट अधूनमधून लाल व्हायची, तीही फक्त राखीच्या घरी. पुण्यात सगळं हिरवंगार. टीमचा प्रमुख ऋषिकेश माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. तुमच्या गावची लाईन जाते, मशीन मधेच बंद पडतं, त्याचाच हा घोळ, असं त्याने सुनावलं. नवी आवृत्ती सोमवारी बाहेर पडणार होती. तोवर हे निस्तरलं नाही तर पुण्याला येऊन राहा, नाहीतर दुसरं काम बघ. हे काम गावात बसून होतं हे राखीने सगळ्यांशी भांडून पटवलं होतं. तिला रडूच आलं.

रडून झाल्यावर मात्र तिचं डोकं चाललं. लाईन काय एकट्या आसेगावची जाते? गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपची बॅटरी मधेच संपली तर? टूल आधी जुनं काढून मोकळं व्हायचं आणि मग नवं बसवायला घ्यायचं. मधल्या वेळात वीज गेली की जुनंही नाही आणि नवंही नाही. गावची लाईन बिचारी खरं सांगत होती, आणि सगळे तिलाच शिव्या घालत होते.

मग राखीने नवी टेस्ट लिहिली. पॅकेज बसत असताना टूलचा मधेच गळा दाबायचा, तोही प्रत्येक पायरीवर. ती तिने घरूनच पुण्याच्या मशीनवर चालवली, जिथली वीज कधी जात नाही. लालच लाल. ऋषिकेशने ती स्वतः पुन्हा चालवून पाहिली, तरी लालच. सोमवारचा बेत रद्द झाला. नवं पुरतं बसल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, अशी दुरुस्ती दोघांनी मिळून केली, तेव्हा कुठे टेस्ट हिरवी झाली.

"पण खरोखरची लाईन गेल्यावर?" ऋषिकेशने व्हिडिओ कॉलवर विचारलं.

राखीने पॅकेज बसवायला लावलं, मोबाइलचा कॅमेरा मशीनकडे वळवला आणि बाहेर बसलेल्या वडिलांना, जगदेवरावांना हाक मारली. "बाबा, मेन पाडा."

"काहून? आत्ताच तं लाईन आली."

"पाडा म्हनलं न."

जगदेवरावांनी खटका पाडला. स्क्रीन काळी झाली, आत मिक्सर थांबला आणि आईने स्वयंपाकघरातूनच दोघांचा उद्धार केला. खटका वर गेला, मशीन उठलं, आणि जुनं पॅकेज जिथल्या तिथे धडधाकट होतं. टेस्ट धावल्या, एकूण एक हिरव्या. ऋषिकेशने पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जगदेवरावांनी न सांगताच पाडला, कारण त्यांना आता मजा येऊ लागली होती.

"राखीची टेस्ट पास झाल्याशिवाय यापुढे काहीही बाहेर जाणार नाही," ऋषिकेश म्हणाला. "आणि राखी, पुण्याला येऊ नकोस. इथे बसून हे आम्हाला कुणाला सुचलं नसतं."

"काय म्हने तो?" जगदेवरावांनी खटक्यापाशी उभ्यानेच विचारलं.

"मले इथंच राह्य म्हने, बाबा," राखी म्हणाली, आणि आनंदाने तिला हसू आवरेना.