जाड तारेचे एकोणीस दिवस

मी फ्यूज. आता बोर्डावरून उतरलोय म्हणून निवांत बोलतो. नोकरीत होतो तोवर सवड नव्हती. चिनी मातीचं पांढरं अंग, दोन टोकांना पितळेचे पाय आणि त्यांच्या मध्ये एक बारीक तार. ती तारच माझी खरी ताकद. बारीक तार ही कसली ताकद, असं म्हणाल. ऐका तर खरं.

भोपाळमधल्या एका कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, प्रभाकरराव पाग्यांच्या क्वार्टरमध्ये माझी नेमणूक झाली. मला फेजच्या तारेत बसवलं. घरातले दिवे, पंखे, कूलर सगळे समांतर जोडलेले, म्हणून एक दिवा घालवला तरी पंखा फिरत राहायचा. पण प्रत्येकाचा करंट माझ्यातूनच जायचा आणि सगळ्यांची बेरीज माझ्या माथी पडायची. पाच अँपिअरपर्यंत मी हूं की चूं करत नाही. बेरीज फारच वाढली, की माझी तार तापते, वितळते आणि करंट बंद होतो. लोक वैतागून म्हणतात, फ्यूज उडाला. अहो, मी उडालो म्हणून भिंतीवरच्या तारा जळाल्या नाहीत, हे कोणी बोलत नाही!

टाउनशिपमध्ये वीज स्वस्त, त्यामुळे घरोघर स्वयंपाक हीटरच्या शेगडीवर. त्या मे महिन्यात हीटरवर पोळ्या, इस्त्रीखाली प्रभाकररावांचा युनिफॉर्म आणि खिडकीत कूलर, असं सगळं एकदमच चालायचं. आठवड्यात मी तीनदा उडालो.

शेजारचे श्याम दुबे दारातूनच म्हणाले, "भाईसाहब, मोटा तार डाल दो, झंझट खतम. हमने तो कब का डाल दिया."

प्रभाकररावांनी तांब्याची चांगली जाड तार माझ्या पायांत पिळून बसवली. "आता बघतो कसा उडतो ते!"

त्यांची मुलगी वैजयंती दहावीत होती. ती वहीत गणित मांडून म्हणाली, "बाबा, हीटर हजार वॉट, इस्त्री साडेसातशे, कूलर दोनशे. दोनशे तीस व्होल्टनं भागलं की आठ अँपिअरच्या वर जातं. तारा गरम होतील ना! एका वेळी एकच लावू या."

"अगं, बारा वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर आहे मी. घरचा फ्यूज तू मला शिकवणार?"

ते हसले. माणूस वाईट नव्हता हो, लेकीवर जीव होता. पण कारखान्यात प्रत्येक तारेची जाडी मोजून घेणारा हा माणूस घरी आला की सगळं अंदाजपंचे करायचा. मला मात्र धास्ती बसली. पहारेकऱ्याला हातपाय बांधून दारात उभं करावं, तशी माझी गत झाली होती.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी कूलरच्या पंपाची वायर घासून सोलली गेली आणि आतली तार लोखंडी पत्र्याला टेकली. कूलरला अर्थिंग होतं, त्यातून भरमसाट करंट जमिनीत जाऊ लागला. अशा वेळी मी क्षणात वितळायचं, हेच तर माझं काम. पण ती जाड तार नुसतीच तापत राहिली. अर्थिंग असूनही पत्र्यात झटका उरलेलाच होता, आणि वैजयंतीची आई निर्मलाबाई कूलर भरायला बादली घेऊन निघाल्या होत्या. अनवाणी, हात ओले, खाली पाणी सांडलेलं. मी सगळं पाहत होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

बोर्डाखाली अभ्यास करणाऱ्या वैजयंतीला जळका वास आला. तिनं मान वर केली.

"आई, थांब! कूलरला हात लावू नकोस!"

ती उठली आणि कोरड्या हातानं तिनं मेन स्विच खाली ओढला. निर्मलाबाईंचा हात पत्र्यापासून वीतभर लांब होता.

संध्याकाळी प्रभाकररावांनी सोललेली वायर पाहिली, मग मला उपसून ती तार पाहिली, आणि ते जमिनीवरच बसले. "मी घातली होती गं ही," एवढंच म्हणाले. निर्मलाबाईंनी दिलेलं पाणी बाजूला ठेवून ते आधी ती तार माझ्या पायांतून सोडवू लागले. मला त्यांचा राग आला होता, पण तो तिथेच मावळला.

मेन बंद ठेवून वैजयंतीनं माझ्यात पाच अँपिअरची तार भरली. प्रभाकरराव टॉर्च धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ते जवाहर चौकातून फ्यूज वायरचं रीळ घेऊन आले आणि लाइनमधल्या चोवीस क्वार्टरांची दारं वाजवली. तेरा घरांत जाड तार निघाली. प्रत्येक दारात त्यांना आपली चूक सांगावी लागली. मान खाली घालून सांगितली, पण सांगितली. दुब्यांनी तर स्वतःच आपला फ्यूज काढून पुढे केला.

पुढे कित्येक वर्षं मी हक्कानं उडत राहिलो. गेल्या आठवड्यात माझ्या जागी एमसीबीचा खटका बसला. तोही बिघाड झाला की आपोआप पडतो. माझी तक्रार नाही. जाता जाता एकच मागणं आहे. तो पडला तर चिडून लगेच वर ढकलू नका, आधी प्रभाकरराव करायचे तसं करा. मी उडालो की अंधारात पहिला त्यांचा आवाज यायचा.

"निर्मला?"

"आहे."

"वैजू?"

"आहे, बाबा."

त्यानंतर ते टॉर्च शोधायचे.