गोड्या पाण्याचं परळ

सुंदराबाईचा जीव त्या दिवशी काही केल्या थाऱ्यावर नव्हता. मीटरच्या पेटीमागं चिमणीनं घरटं केलेलं. काल त्यातलं एक पिल्लू मेलं, उरली दोन. त्यांची आई चोच वासून अंगणभर भिरभिरतेय, आणि तिच्यासाठी ठेवलेल्या पाण्याच्या मातीच्या परळावर राज्य कुणाचं? तर ह्या मेल्या मधमाश्यांचं! महिन्यापूर्वी अंगणातल्या निंबावर मोहोळ बसलं, तेव्हापासून परळाच्या काठावर चिमणीला पाय टेकायला जागा नाही.

भातकुलीकडचा हा मुलूख खारपाण्याचा. विहिरीचं पाणी भांड्याधुण्याला ठीक, तोंडात घेतलं की थू. गोडं पाणी नळाला आठवड्यातून एकदा. त्यातलं तांब्याभर ती चिमणीसाठी जपून ठेवायची, आणि ते ह्या फुकट्यांच्या घशात जात होतं.

"आज ते मोहोळ जाळूनच टाका," तिनं सकाळीच नवऱ्याला, खुशालरावांना, बजावलं.

"दिवस बुडाला का पलिता लावतो. ठिणगी पडली तर पाणी भरून ठेवजो," म्हणत ते वावरात गेले.

विस्तवावर ओतायला गोडं पाणी कोण वाया घालवतं? दुपारी तिनं विहिरीचं घमेलंभर पाणी आणून निंबाखाली ठेवलं. मग आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. कामाला हात लागेना. आठव्या-नवव्या खेपेला बाहेर आली ती दारातच थबकली.

परळ मोकळं होतं. चिमणी पोटभर पीत होती. माश्या सगळ्या घमेल्याच्या काठावर, खाऱ्या पाण्याला चिकटलेल्या.

"अवो माय!" तिच्या तोंडून निघालं. माश्यांना खारंच हवं होतं! दुसरं मिळेना म्हणून गोडावर भागवत होत्या बापड्या. आपल्याला गोड ते साऱ्या जगाला गोड, असं धरून तिनं महिनाभर त्यांना शिव्या घातल्या, आणि आता जाळायला निघाली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी ती दिवा लावून बाहेर येते तोच खुशालराव वावरातून परस्पर निंबाखाली, हातात पेटता पलिता.

"अवो, थांबा!"

"सरक, ठिणगी उडन."

सुंदराबाईनं धावत जाऊन घमेलं उचललं आणि पलित्यावर पालथं केलं. खुशालराव धोतरापर्यंत भिजले.

"येडी झाली काय? सकाळी तूच म्हटलं ना जाळा म्हणून?"

"माह्यंच चुकलं जी. त्यायले आपलं गोडं पाणी नव्हतंच पायजे." तिनं रिकामं घमेलं त्यांच्या हातात दिलं. "आता हे विहिरीवरून भरून आणा. उजाडलं का लागन त्यायले."